बडोद्यात वाघोडिया रोडला फर्निचरचं शोरूम बांधतोय, लोखंडी स्ट्रक्चरमध्ये. आधी काय काय ठरवून घ्यावं?

रावपुरावाला

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण माहिती अर्धवट दिली की उत्तरंही अर्धवट येतात म्हणून सगळंच सांगतो. रावपुऱ्यात आमचं फर्निचरचं दुकान आजोबांच्या वेळेपासून. खाली दुकान, वर गोडाऊन, आणि जिना असा की डबल बेडचं हेडबोर्ड वर न्यायचं तर बाहेरून दोरीनं ओढावं लागतं. आता बाबा, काका, मी आणि चुलतभाऊ असे चौघं धंद्यात, शिवाय वहिनीनं मॉड्यूलर किचनचं सुरू केलंय तेही बऱ्यापैकी चाललंय, जागा पुरतच नाही.

वाघोडिया रोडला हायवेच्या पलीकडे एन.ए. (बिगरशेती) झालेला प्लॉट घेऊन ठेवलाय, ८५ बाय २०० फूट, अरुंद बाजू रस्त्यावर, तोंड पश्चिमेला. विचार असा की आत्ता ६० बाय १०० चं लोखंडी स्ट्रक्चर उभं करायचं, पुढे ४० फूट पार्किंग, मागे ६० फूट मोकळं ठेवायचं आणि पुढेमागे धंदा वाढला तर मागे वाढवायचं. आत मागच्या भागात मेझनाइन (मधला अर्धा मजला). काकांना मेझनाइनवर गोडाऊन पाहिजे, चुलतभावाला तिथेच किचनचा डिस्प्ले पाहिजे, बाबांना संखेड्याचे झोपाळे टांगून ठेवायचेत कारण गिऱ्हाईक बसून बघितल्याशिवाय झोपाळा घेत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. पुढून पूर्ण काच पाहिजे यावर मात्र घरात सगळ्यांचं एकमत, असं आमच्याकडे फार कमी वेळा होतं.

तीन जणांना विचारलं. एका पीईबी (कारखान्यात बनवून साइटवर जोडायच्या लोखंडी बिल्डिंगच्या) कंपनीनं स्क्वेअर फुटावर भाव दिला, मकरपुऱ्यातल्या एका फॅब्रिकेटरनं किलोवर दिला, आणि आमचे जुने कॉन्ट्रॅक्टर म्हणतात लोखंडाच्या भानगडीत पडू नका, आरसीसीच करा. तिन्ही कागद समोर ठेवले तरी तुलनाच होत नाही. पीईबीवाल्याच्या कागदावर 'इव्ह हाइट ६ मीटर' एवढं लिहिलंय, बाकी फारसं काही नाही. उत्तरायण (संक्रांत) झालंय, दसऱ्याला उद्घाटन करायचं असं घरी ठरलंय. कुणाचा अनुभव असेल तर सांगा, कुठे पैसे वाचवायला जाऊ नये आणि कुठे खरंच वाचतात.

गर्डरमास्तर

मी स्ट्रक्चरलचं काम करतो, बडोद्यातच. तुलना होत नाही कारण तुम्ही तिघांना एकच बिल्डिंग विचारलेली नाही, ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं काहीतरी धरून घेतलंय. स्क्वेअर फुटाचा भाव, किलोचा भाव हे सगळं नंतर बघा. आधी एक पानभर कागद करा, त्यात कुठे किती भार येणार आणि पुढे काय वाढवणार ते लिहा, आणि तोच कागद तिघांच्या हातात द्या.

त्या कागदावर पहिलं वाऱ्याचं. आयएस ८७५ (बिल्डिंगवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या तिसऱ्या भागात बडोद्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद आहे, अहमदाबादचा ३९. दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे हा नुसता पाचाचा फरक नाही, दाब सव्वा पटीपेक्षा जास्त होतो. तिकडचं तयार डिझाइन इकडे चिकटवलेलं असलं तर कोटेशन आपोआप स्वस्त दिसतं. भूकंपाचा झोन ३, तोही कागदावर असू दे, पण इतक्या हलक्या शेडमध्ये बहुतेक वेळा वाराच भारी पडतो, आणि तो नुसता ढकलत नाही, छत वर उचलतो. म्हणून फुटिंग फक्त वजन पेलायला नसतं, बिल्डिंग खाली धरून ठेवायलाही असतं. त्यात तुमची काच पश्चिमेला आणि मोठं शटर कुठेतरी बाजूला, वादळात शटर उघडं राहिलं किंवा काच गेली तर आतून दाब वाढतो, तो हिशोब डिझाइनरनं धरलाय का ते स्पष्ट विचारा.

दुसरं मेझनाइन. इथे काका आणि चुलतभाऊ यांचं भांडण इंजिनिअरपर्यंत यायच्या आधी मिटवा, कारण ते भांडण सरळ लोखंडाच्या वजनात उतरतं. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे रिटेल दुकानाच्या फ्लोअरला चौरस मीटरला साधारण ४०० किलो धरतात. स्टोअर म्हणून वापरायचं तर जितकं उंच रचाल त्या प्रत्येक मीटरला २४० किलो, आणि कमीत कमी ७५० तरी. म्हणजे जवळजवळ दुप्पट. डिस्प्ले म्हणून बांधायचं आणि दिवाळीच्या आधी गाद्या, प्लायचे गठ्ठे छतापर्यंत रचायचे हे सगळीकडे चालतं, म्हणून म्हणतो की दोन बे (बे म्हणजे दोन फ्रेममधला गाळा) मेझनाइन असेल तर एक बे गोडाऊनच्या भारानं करा, एक डिस्प्लेच्या, आणि गोडाऊनच्या बीमवर रंगानं मोठ्या अक्षरात भार लिहून ठेवा. डिस्प्लेच्या बाजूला नुसती ताकद बघू नका, हादरा पण बघा. लांब बीम, पातळ डेक, ताकदीत पास होतं पण माणूस चालला की किचनच्या शटरमधल्या काचा वाजतात. बीमची उंची थोडी वाढवली की जातं ते.

आता ती '६ मीटर इव्ह हाइट', म्हणजे भिंतीपाशी छताच्या कडेची उंची. ६० फूट म्हणजे १८ मीटर, मध्ये कॉलम नाही, तर कॉलम आणि राफ्टर (छताचा तिरका बीम) जिथे जुळतात तिथला गुडघा बऱ्यापैकी जाड येतो, पाऊण मीटर किंवा त्याहून थोडा जास्त धरा. म्हणजे भिंतीजवळ तुम्हाला मोकळी उंची सव्वापाच मीटर मिळणार, सहा नाही. त्यात मेझनाइन घालायचं तर खाली ३ मीटर, बीम-डेक मिळून अर्धा-पाऊण मीटर, वर उरलं काय? दीड मीटर. तिथे बसून पत्ते खेळता येतील, वॉर्डरोब उभा राहणार नाही. कागदावर 'गुडघ्याखाली मोकळी उंची' असं लिहून घ्या, मेझनाइनच्या बेमध्ये साडेसहा मीटर तरी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागे वाढवायचं. पीईबीमध्ये शेवटची भिंत स्वस्त करायला तिथे पूर्ण फ्रेम देत नाहीत, बारीक पोस्ट आणि वर हलका बीम देतात, कारण तिच्यावर अर्ध्याच बेचा भार येतो. उद्या मागे वाढवायला गेलात की ती भिंत कामाची नाही, काढून नवी फ्रेम टाकावी लागते, म्हणजे भर धंद्यात अर्धं शोरूम रिकामं करा. त्यापेक्षा आत्ताच मागची शेवटची फ्रेम मधल्या फ्रेमसारखी पूर्ण ताकदीची घ्या, पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) जोडायला क्लीट (जोडपट्ट्या) आणि भोकं आधीच मारून घ्या, तिचं फुटिंगही पूर्ण भाराचं. जास्तीचा खर्च एका फ्रेमच्या फरकाएवढाच. आणि पुढे सगळं नटबोल्टवर जोडता आलं पाहिजे, साइट वेल्डिंग नको. भरलेल्या शोरूममध्ये फोमच्या गाद्यांच्या डोक्यावर वेल्डिंगची ठिणगी कुणालाच नकोय.

आरसीसीबद्दल कॉन्ट्रॅक्टर म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, पण १८ मीटर बिनकॉलमचं आरसीसीत करायला जाल तर बीमची उंची बघून तुम्हीच परत याल.

प्रतापनगरचा प्लायवाला

मास्तरांनी वाऱ्याचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. माझं प्लायवूडचं काम आहे आणि बडोद्यात लाकडाचा धंदा करणाऱ्यानं आधी पाणी बघायचं, मग बाकी सगळं. २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पडला, ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २५-२६ फूट धरतात. आता तुम्ही म्हणाल आमचा प्लॉट नदीपासून लांब. नदी लांब असू दे, कांस (पावसाचं पाणी नेणारा नाला) किती लांब आहे? पूर्वेकडे नदीपेक्षा कांस तुंबून पाणी शिरतं, आणि हायवेच्या पलीकडे जिथे रस्ता वर आणि शेतं खाली तिथे पाण्याला जायला जागाच नसते. प्लॉटच्या शेजारच्या घरांच्या, पंपाच्या, जुन्या कंपाउंडच्या भिंतीवर २०२४ ची रेघ बघा. असतेच. नसली तर चहाच्या लारीवाल्याला विचारा, तो हातानं दाखवेल कुठपर्यंत आलं होतं. त्या रेघेच्या वर एक फूट तुमचं जोतं.

सागाचा झोपाळा भिजला तर वाळवून, पॉलिश करून विकता येतो. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ एकदा फुगला की संपला, कडेनं लॅमिनेट सुटतं आणि स्क्रू धरत नाही. तुमच्या वहिनीचं किचन म्हणजे निम्मं तेच मटेरियल असणार. म्हणून काकांचं बरोबर आहे, गोडाऊन वरच पाहिजे. पाऊस लागला की खालचं शेवटच्या क्षणी वर चढवायला मोकळी जागा आणि चालू लिफ्ट पाहिजे, आणि लिफ्टचं मशीन, मेन पॅनल, इन्व्हर्टर हे सगळं वर. खाली मीटर ठेवून पूर आला की सगळ्यात आधी लाइट जाते आणि मग लिफ्ट असून नसल्यासारखी.

लोखंडाचा कॉलम थेट फरशीच्या पातळीवर बसवू देऊ नका. पाया वर आणून त्यावर बेस प्लेट घ्या, निदान फरशीच्या थोडी वर. फरशी धुवायचं पाणी तिथेच साचतं आणि बेस प्लेटच्या कडेनं गंज सुरू होतो, वरून छान रंग दिसतो आणि खाली पापुद्रे. आणि बाहेरची भिंत खालून तीन-चार फूट वीट किंवा ब्लॉकची, त्याच्यावर पत्रा. जमिनीपासून पत्रा लावला तर टेम्पोवाला पहिल्याच आठवड्यात चेमटवून ठेवेल.

उधईची (वाळवीची) ट्रीटमेंट पायाच्या वेळीच करा, नंतर फरशीला भोकं मारून करायची म्हणजे डबल खर्च. फर्निचरच्या दुकानात उधई निघाली ही बातमी गावभर व्हायला वेळ लागत नाही.

रावपुरावाला

मास्तर, प्लायवालेभाई, खूप खूप आभार. रेघ बघायला काल संध्याकाळी गेलो होतो, शेजारच्या वर्कशॉपच्या भिंतीवर प्लॉटच्या पातळीपासून दोन फुटांच्या जवळपास खूण दिसतेय. म्हणजे जोतं तीन फूट. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले बरोबर आहे, वहिनी म्हणाली वयस्कर माणसं चढणार कशी. आणि काकांना गोडाऊनचं वाचून दाखवलं, ते खूश आहेत, चुलतभाऊ नाहीये. झोपाळ्यांचं कुणीच बोललं नाही पण, बाबा रोज विचारतायत.

नकाशेवाली

रावपुरावाले भाऊ, वहिनींचा प्रश्न एकदम बरोबर आहे. तीन फूट जोतं म्हणजे व्हीलचेअरचा किंवा आजी-आजोबांना चालवेल असा रॅम्प १:१२ नं ३६ फूट लांब येतो, मध्ये वळायला जागा धरली की अजून. तुमच्या पुढे ४० फूटच आहेत आणि तिथे गाड्या लागणार. सरळ समोर रॅम्प घेतलात तर पार्किंग गेलं. म्हणून रॅम्प समोरच्या काचेला समांतर आडवा घ्या, ६० फूट रुंदी आहेच, चढताना माणूस काचेतून माल बघत बघत चढतो, विंडो शॉपिंग तिथेच होतं. मध्ये रुंद पायऱ्या, बाजूनं रॅम्प. हे जोतं आत्ता अडचण वाटतंय पण रस्त्यावरून जाणाऱ्याला तीन फूट वर ठेवलेला सोफा जास्त दिसतो.

मागून मात्र हेच जोतं फायद्याचं. माल उतरवायचा धक्का टेम्पोच्या फाळक्याच्या उंचीला ठेवलात तर जोतं आणि फाळका जवळजवळ सारखेच येतात, दोन माणसं सोफा सरळ आत ढकलतात, उचलायचं काम नाही. पण धक्का मागच्या भिंतीला नको. मागेच वाढवायचंय ना? मग तीच भिंत एक दिवस जाणार. धक्का दक्षिणेच्या लांब भिंतीत घ्या, मेझनाइनच्या खाली, लिफ्टच्या शेजारी. आणि इथे मास्तरांनी न सांगितलेली गोष्ट, लांब भिंतीत कुठल्या तरी एका बेमध्ये फुलीसारखं ब्रेसिंग येतं, ते बरोबर तुमच्या शटरच्या तोंडात आलं तर काय करणार? नकाशावर शटरची जागा दाखवल्याशिवाय पीईबीवाल्याला ड्रॉइंग काढू देऊ नका, ब्रेसिंग दुसऱ्या बेत सरकवता येतं किंवा तिथे चौकटीसारखं पोर्टल घेता येतं, पण आधी सांगितलं तरच.

काच. पश्चिमेला पूर्ण काच म्हणजे बडोद्याचा एप्रिल-मे, दुपारी तीननंतर सहापर्यंत सरळ ऊन आत. एसीचं बिल बाजूला ठेवा, व्हेनीअरचा रंग उडतो आणि सोफ्याच्या कापडावर उशी ठेवलेली जागा गडद, बाकी फिकट असे चट्टे पडतात, आणि डिस्प्ले पीस मग निम्म्या भावात काढावा लागतो. उन्हाचा कोन संध्याकाळी इतका खाली येतो की नुसत्या छज्जानं भागत नाही. छज्जा खोल घ्या, रॅम्पलाही सावली होईल, पण त्याशिवाय बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा जाळी काचेच्या वरच्या अर्ध्या भागावर, आणि काच डबल, कोटिंगवाली. खालचा आठ फूट पट्टा मोकळा राहिला की रस्त्यावरून दिसायचं ते दिसतंच. काचेच्या अगदी जवळ धातूचं, काचेचं, दगडी टॉपचं फर्निचर मांडा, कापड आणि व्हेनीअर आत.

आणि मास्तर, हे तुमच्यासाठी: पत्र्याच्या भिंतीसाठी फ्रेमला उंचीच्या १५० व्या भागाएवढं झुकायला परवानगी असते, काचेला ते झेपत नाही. काच धरणाऱ्या फ्रेमला २४० धरायला सांगा.

आतल्या वाटांबद्दल एवढंच की तीन सीटचा सोफा सात फुटांचा असतो आणि तो वळवावा लागतो. मुख्य वाट सहा फूट, लिफ्टची कॅबिन एका बाजूनं तरी आठ फूट. साध्या पॅसेंजर लिफ्टवर पैसे घालवू नका, हायड्रॉलिक मालवाहू घ्या. रावपुऱ्यातली दोरी नव्या जागी परत नको.

इंदूरी_भाऊ

मी इंदूरहून. आमच्या मामांच्या शोरूमला पत्र्याचं छत केलं, इन्सुलेशनमध्ये काटकसर केली. जुलैमध्ये धो धो आला की गिऱ्हाइकाशी बोलायचं तर ओरडावं लागतं, भाव करणं अवघड होऊन बसतं. त्यात एसी लावला आणि बाहेर दमट हवा असली की पत्र्याच्या खालून घाम सुटतो, थेंब थेंब गाद्यांवर. वरून छत गळतंय म्हणून महिनाभर वॉटरप्रूफिंगवाल्याच्या मागे लागले होते, गळत काहीच नव्हतं. छताला पफ पॅनल (मध्ये फोम भरलेले पत्रे) घ्या किंवा दोन पत्र्यांच्या मध्ये ग्लासवूल आणि त्याच्या खाली फॉइल एकसंध, जोडाला टेप मारलेली. आणि पारदर्शक पत्रे शोरूमवर अजिबात नको, वरच्या ताईंनी काचेचं सांगितलं तेच ऊन डोक्यावरून येतं.

एक अजून. कोणी म्हणेल वाढवायचं तर बाजूला वाढवा, दोन शेड शेजारी शेजारी. नका करू. मध्ये जी पन्हळ येते ती तुंबली की पाणी बरोबर दुकानाच्या मधोमध. मागेच वाढवा.

बीयूफाईल

सगळे डिझाइन सांगतायत, कागदांचं कोणी बोलत नाही. एन.ए. झालंय ते कशासाठी झालंय ते बघा, रहिवासी एन.ए. वर शोरूम नाही चालत. प्लॅन पास करून घेताना मेझनाइन त्यातच दाखवा. लोखंडाचं आहे, नंतर आत उभं करू, कोण बघतंय, असं सांगणारे भेटतील. २०२४ च्या मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनला आग लागली त्यानंतर गुजरातभर बीयू (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरायची) परमिशन आणि फायर एनओसी नसलेल्या जागा सीलबंद झाल्या, त्यात दुकानं पण होती. सील लागलं की दसरा काय आणि दिवाळी काय.

फायरमध्ये तुमच्याकडे फोम, लॅमिनेट, लाकूड, चिकटवायचं सोल्युशन असं सगळं जळणारंच आहे. लोखंड स्वतः जळत नाही पण ५५० डिग्रीच्या आसपास त्याची निम्मी ताकद जाते, आणि फर्निचरची आग तिथपर्यंत फार लवकर पोचते. निदान मेझनाइनचे कॉलम आणि बीम यांना आगीत फुगणारा रंग मारून घ्या. मेझनाइनला दोन जिने, दोन टोकांना, आणि दुसरा जिना बाहेर उघडणारा. काका तिथे कपाटं रचून ठेवतील हे मी आत्ताच सांगतो. पॉलिश, थिनर, स्प्रेचं काम या इमारतीत आणूच नका, ते जुन्या जागी किंवा वेगळ्या छोट्या शेडमध्ये.

रावपुरावाला

बीयूफाईल भाऊ, एन.ए. कमर्शियलच आहे, बघून घेतलंय. काकांबद्दल तुम्ही आमच्या घरी येऊन गेल्यासारखं लिहिलंय.

इतकं सगळं आल्यावर घरी बसून ठरवलं ते असं: मेझनाइनचा मागचा बे गोडाऊन, पुढचा बे किचन डिस्प्ले, जोतं तीन फूट, रॅम्प आडवा, धक्का दक्षिणेला, मागची फ्रेम पूर्ण. वर सोलर पण टाकायचं असं चुलतभाऊ म्हणतो. मास्तर, झोपाळ्यांचं आता सांगाच, सहा तरी झोपाळे टांगायचेत, आणि बाबांचं म्हणणं छताच्या लोखंडाला हूक मारायचे, एवढं लोखंड आहे तर झोपाळ्याचं काय वजन. आणि दसऱ्याचं जमेल का तेही सांगा.

गर्डरमास्तर

नकाशेवाली ताई, बरोबर, मी आपलं २४० धरूनच चाललो होतो, लिहायचं राहिलं.

बाबांना सांगा की वर दिसतं ते सगळं लोखंड सारखं नसतं. पत्रा ज्या झेड आकाराच्या पट्ट्यांवर बसतो त्या पर्लिन दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या असतात, त्या पत्र्यासाठी आणि वाऱ्यासाठी मोजलेल्या. त्यांना काहीही टांगायचं नाही, झोपाळा तर नाहीच. झोपाळ्यावर चार माणसं बसली तर ३०० किलो, सागाचा झोपाळा आणि पितळी कड्या धरून अजून, आणि झुलताना सगळ्यात खाली आल्यावर ओढ नुसत्या वजनापेक्षा दीड ते दोन पट होते. त्यात ती ओढ आलटून पालटून पुढे-मागे, वर्षानुवर्षं. आपल्याकडे पोरं झोपाळ्यावर बसत नाहीत, उभं राहून हाणतात. म्हणून झोपाळे मेझनाइनच्या बीमखाली घ्या, पुढच्या बेमध्ये, जिथे बीमला खालून प्लेट वेल्ड करून कडीसाठी जागा कारखान्यातच करून मिळेल. सहा जागा नकाशावर दाखवा, प्रत्येकी ७०० किलो धरून. झुलण्याची दिशा बीमच्या लांबीत ठेवा, आडवी ठेवली तर बीम पिळला जातो. वर किचनचा डिस्प्ले आहे, तिथे हादरा जाणवू नये म्हणून ते दोन बीम मी अजून एक साइज वर घेईन. आणि बाबांना हवंच असेल तर एक मोठा झोपाळा समोर काचेमागे, त्याच्या स्वतःच्या लाकडी घोडीवर, छताशी संबंध नाही.

फॉल्स सीलिंग, डक्ट, लाइट, स्प्रिंकलरची पाइप या सगळ्याचा जो जादा भार असतो तो पण लिहा. स्वस्त कोटेशनमध्ये तो शून्य असतो. चौरस मीटरला २० किलो तरी धरा, आणि सोलरचे वेगळे १५ ते २०. नंतर सोलर टाकू म्हणालात तर सोलरवाला येऊन पर्लिनलाच क्लॅम्प मारणार, भार मोजणार नाही. तोही आकडा आत्ताच कागदावर येऊ दे.

दसऱ्याचं मातीवर अवलंबून आहे. तुमच्या बाजूला काळी माती निघायची शक्यता खूप, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन-तीन ठिकाणी बोअर मारून मातीचा रिपोर्ट घ्या, फुटिंग काळ्या मातीच्या खाली चांगल्या थरावर जाऊ दे, आणि थर फार खोल असला तर अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेला काँक्रीटचा खोल खांब). लोक फुटिंगला जपतात आणि फरशीला विसरतात. शोरूमची फरशी काळ्या मातीवर टाकली तर दोन पावसाळ्यांत मोठ्या टाइल्स मधोमध उचलतात. फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरा, जोत्याची तीन फूट भर पण थराथरानं, एका वेळी नऊ इंच, पाणी मारून रोलर फिरवून. घाईत सगळी भर एकदम टाकून वर काँक्रीट करू देऊ नका, ती नंतर बसते आणि रॅकच्या खाली खड्डा पडतो.

हिशोब असा की रिपोर्ट फेब्रुवारीत, डिझाइन आणि प्लॅन पास होणं मार्च-एप्रिल, त्याच वेळी कारखान्यात लोखंड सुरू, फुटिंग आणि जोतं पावसाच्या आधी जूनच्या मध्यापर्यंत जमिनीच्या वर. हे झालं तर स्ट्रक्चर पावसात पण उभं राहतं. प्लॅन अडकला तर दसरा विसरा, दिवाळीनंतरचा मुहूर्त बघा.

रावपुरावाला

मास्तर, झोपाळ्याचं बाबांना वाचून दाखवलं. पोरं उभं राहून हाणतात यावर त्यांनी मान डोलवली, आणि घोडीवाला समोर काचेमागे ठेवायचा हे त्यांचंच असल्यासारखं आता सांगतायत. मातीवाल्याला सांगितलंय, पुढच्या आठवड्यात मशीन येतंय. कागद तयार करून पाठवतोय, फॅब्रिकेटरला पण देऊ का, की पीईबीवालाच बरा?

गर्डरमास्तर

दोघांना द्या. फॅब्रिकेटर रोल्ड सेक्शनमध्ये (तयार आकारात मिळणाऱ्या लोखंडात) करेल, लोखंड थोडं जास्त लागेल पण मेझनाइनसारखं बारीकसारीक बदलाचं काम तो बरं करतो, पीईबीवाला मोठ्या फ्रेम आणि छतात बरा. मेझनाइन एकाकडे आणि शेड दुसऱ्याकडे असं मात्र करू नका, मापात चूक निघाली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि क्रेनचं भाडं तुम्ही भरता. जो कुणी घ्याल त्याच्याकडून फाउंडेशन बोल्टची स्टीलची टेम्प्लेट आधी साइटवर मागवा. बोल्ट आरसीसीवाला बसवतो, कॉलम दुसरा आणतो, आणि दहा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की बेस प्लेटची भोकं गॅसनं मोठी करायला सुरुवात होते. काँक्रीट ओतायच्या दिवशी दोघांचीही माणसं तिथे हजर पाहिजेत, टेप हातात घेऊन.